आयटीआयनंतर शिकाऊ उमेदवारी कशी मिळवावी

आयटीआयचा निकाल लागला की फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन झालेली पुष्कळ मुले कंत्राटदाराकडे हेल्पर म्हणून लागतात, कारण तिथे पहिल्या महिन्यापासून हाती पैसे येतात. त्याऐवजी साधारण वर्षभराची शिकाऊ उमेदवारी (अप्रेंटिसशिप), म्हणजे आस्थापनेत दरमहा विद्यावेतन घेऊन प्रत्यक्ष काम शिकणे, माझ्या मते अधिक हिताचे आहे. मात्र ती शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ खाली नोंदलेली असली पाहिजे.

प्रथम कागदपत्रे जुळवावीत. आधार, दहावीची गुणपत्रिका, आयटीआयचे प्रमाणपत्र आणि बँक खाते या चारही ठिकाणी नाव अक्षरशः सारखे हवे. एकीकडे वडिलांचे पूर्ण नाव आणि दुसरीकडे नुसते आद्याक्षर, एवढ्यावरूनही अर्ज अडकतो, तेव्हा दुरुस्ती निकालाची वाट न पाहता आधीच करून घ्यावी. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के, कमाल १,५०० रुपयांचा सरकारी वाटा थेट उमेदवाराच्या खात्यात येतो, म्हणून खाते आधारशी जोडलेले असावे.

त्यानंतर अप्रेंटिसशिप इंडिया या संकेतस्थळावर नोंदणी करून आपल्या ट्रेडच्या (फिटर, वेल्डर अशा व्यवसायाच्या) जागांसाठी अर्ज करावा. पण अर्ज टाकून स्वस्थ बसू नये. ३० किंवा त्याहून अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना त्याच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक असल्याने, जवळच्या एमआयडीसीतील कारखान्यांत बायोडेटा घेऊन स्वतः चौकशी करण्यात संकोच नसावा. रेल्वे, एसटी महामंडळ आणि महावितरण यांच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवावे. रेल्वेच्या लेव्हल-१ (सर्वांत खालच्या वेतनस्तराच्या पदांच्या) भरतीत २० टक्के जागा रेल्वेतच शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी राखीव असतात. परीक्षा मात्र त्यांनाही द्यावी लागते.

निवड झाल्यावर खरी काळजी कराराची घ्यावी. 'आधी कामाला लागा, करार नंतर करू' असे कोणी म्हणाले तर थांबावे, कारण नोंदणीकृत कराराशिवाय केलेले काम शिकाऊ उमेदवारीत धरले जात नाही. करारात ट्रेड, कालावधी आणि विद्यावेतन तपासावे. २०१९ च्या सुधारित नियमांनी आयटीआय उत्तीर्णांसाठी दरमहा किमान ७,००० रुपये ठरवले. मुदत संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नसते. म्हणून गेल्या वर्षीच्या उमेदवारांपैकी किती जणांना कायम ठेवले, हे सही करण्यापूर्वीच तिथल्या कामगारांना विचारून घ्यावे.

काम सुरू झाल्यावर कोणत्या यंत्रावर काय शिकलो याची रोजची नोंद वहीत ठेवावी, हजेरी सांभाळावी आणि शेवटच्या अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेचा फॉर्म कारखान्याने वेळेत भरला आहे की नाही, याची स्वतः खात्री करावी. ती उत्तीर्ण झाल्यावरच राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते.