मोठ्या फळझाडांना पाणी कसं द्यावं

पाइप बुंध्याशी दोन मिनिटं धरायचा, माती काळी दिसली की पुढच्या झाडाकडे वळायचं, आणि हे रोज. परसातल्या बहुतेक झाडांना पाणी मिळतं ते असं. रोपाला चालतं. सात-आठ वर्षांच्या झाडाची पाणी पिणारी पांढरी मुळी मात्र बुंध्यापाशी फारशी नसते. ती फांद्यांच्या टोकांखाली आणि त्याच्याही बाहेर पसरलेली असते, बहुतांशी वरच्या दीड-दोन फुटांत.

माझ्या लिंबाचा बुंधा मी असाच वर्षानुवर्षं भिजवत राहिलो. एक दिवस खोडाच्या तळाशी मधाच्या रंगाचा डिंक ओघळलेला दिसला. नखानं खरवडलं तर आतली साल तपकिरी. डिंक्या! बुंधा सतत ओला राहिला की लिंबूवर्गीय झाडांना हा रोग हमखास गाठतो.

म्हणून आधी आळं बदला. खोडापासून दीड-दोन फुटांवर मातीचा एक गोल वरंबा घाला आणि दुसरा फांद्यांच्या घेराच्या जरा बाहेर. पाणी सोडायचं ते या दोन वरंब्यांच्या मधल्या बांगडीत. त्यासाठी माती बाहेरून आणा. घेराखाली कुदळ चालवलीत तर ज्या मुळ्यांसाठी हा खटाटोप, त्याच तुटतील.

पाणी देण्याआधी ओल बघा. खुरप्यानं वीतभर खालची माती काढून मुठीत दाबा. गोळा झाला आणि अंगठ्यानं टोचल्यावर फुटला, तर जमीन वाफशावर आहे, थांबा. हाताला चिखल लागला तर आणखी थांबा, कारण मुळांना हवाही लागते. गोळाच होत नसेल तर पाण्याची वेळ झाली. (वाळूसर मातीचा गोळा तसाही नीट होत नाही, तिथे हाताला गारवा लागतो का ते बघा.) भर दुपारी मलूल पानं बघून घाईनं पाइप उचलू नका. सकाळीही ती तशीच असतील, तर मात्र माती तपासा. माती ओली असून पानं पिवळी पडत असतील, तर बहुधा पाणी जास्तच झालंय.

किती द्यायचं, हा हिशेब एकदाच करावा लागतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. घेराचा व्यास ४ मीटर असेल तर क्षेत्र साधारण १२.५ चौरस मीटर. त्यावर २५ मिलिमीटर पाणी म्हणजे ३०० लिटरहून थोडं जास्त. पाइपनं १५ लिटरची बादली एका मिनिटात भरत असेल, तर वीस मिनिटं झाली. दोन मिनिटांत काय होत होतं, ते यावरून कळेल. ठिबक असेल तर ताशी ४ लिटरचे आठ ड्रिपर दहा तास चालवावे लागतील. रोपाच्या वेळी बुंध्याशी लावलेले ड्रिपर अजून तिथेच असतील तर आधी ते घेराकडे सरकवा. हलक्या जमिनीत एका वेळचं पाणी निम्मं करून पाळ्या दुप्पट करा. चिकण मातीत पाणी साचू लागलं तर बंद करा, मुरू द्या, मग उरलेलं सोडा.

दुसऱ्या दिवशी एक बोथट सळई जमिनीत दाबून बघा. ओल्या मातीत ती सहज जाते, कोरडी लागली की अडते. अर्ध्या फुटावरच अडली तर पाणी वरवरच राहिलं. मुरमाड जमिनीत ही युक्ती चालत नाही, तिथे खणूनच बघावं.

फळझाडाला वर्षभर सारखं पाणी नको असतं. आंब्याला मोहोरापूर्वी दोन-तीन महिने ताण देतात आणि फळं वाटाण्याएवढी झाली की पुन्हा पाणी सुरू करतात. डाळिंबाचं उलट नुकसान होतं: फळं वाढत असताना जमीन कडकडीत वाळली आणि मग एकदम भरपूर पाणी मिळालं, की ती तडकतात. त्या काळात पाळी चुकवू नका.

पाणी दिल्यावर बांगडीत तीन-चार इंच पालापाचोळा पसरा, खोडाला न टेकवता. आणि पावसाळ्यात बाहेरचा वरंबा उताराच्या बाजूनं फोडून ठेवा.