बाळाच्या पावडरच्या दुधातील प्रथिने आणि पचन : डबा कसा पारखावा

बाळाला पहिले 6 महिने आईचे दूध पुरते. डॉक्टरांनीच पावडरचे दूध सुरू करायला सांगितले असेल, तर पुढील क्रम उपयोगी पडेल.

प्रथम डब्यामागचा पोषणतक्ता वाचावा. दूध नासले की चोथा खाली बसतो आणि निवळ वर राहते; चोथ्यात केसीन असते, तर निवळीत व्हे प्रथिने असतात. गाईच्या दुधातील प्रथिनांत सुमारे 80 टक्के केसीन असते, याउलट आईच्या दुधात व्हे सुमारे 60 टक्के असते. केसीनचा पोटात घट्ट गोळा होतो, व्हेचा मऊ, म्हणून अनेक डब्यांत व्हे वरून मिसळलेले असते. प्रथिने जितकी जास्त तितके दूध चांगले, हा समज येथे लागू पडत नाही, कारण जादा प्रथिनांचा भार कोवळ्या मूत्रपिंडांवर येतो. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकानुसार 100 किलोकॅलरीमागे प्रथिने 1.8 ते 3 ग्रॅम असावीत. 100 ग्रॅम पावडरीत 500 किलोकॅलरी आणि 11 ग्रॅम प्रथिने लिहिली असतील, तर हे प्रमाण 2.2 ग्रॅम भरते. भारतात 1992 च्या कायद्याने या दुधाच्या जाहिरातीला बंदी आहे, तेव्हा दुकानदाराच्या शिफारशीपेक्षा हा हिशेब बरा.

‘दूध पचत नाही’ असे वाटले तर डब्याला दोष देण्याआधी आपले माप तपासावे. उकळून थोडे निवलेले, पण 70 अंश सेल्सिअसच्या खाली न गेलेले पाणी आधी मोजून घ्यावे, मग त्याच डब्यातील चमचा सपाट करून पावडर घालावी आणि दूध कोमट झाल्यावरच पाजावे. शीग लावून भरलेल्या चमच्याने दूध दाट होते व शी घट्ट होते; काटकसरीने पातळ केलेल्या दुधावर बाळाचे वजन वाढत नाही.

पाजल्यावर बाळाने थोडे दूध टाकले, पण वजन वाढत असेल, तर दर दोन दिवसांनी डबा बदलू नये. शीमध्ये रक्त, वारंवार उलटी, अंगावर खरजेसारखे चट्टे किंवा वजन थांबणे यांपैकी काही दिसले तर मात्र बालरोगतज्ज्ञांकडे जावे. गाईच्या दुधातील प्रथिनांची खरी ॲलर्जी असेल तर शेळीच्या दुधाचा डबा उपयोगाचा नाही, कारण ती प्रथिने फारच मिळतीजुळती असतात. प्रथिनांचे अर्धवट तुकडे केलेले दूधही पुरेसे नसते. अशा बाळाला पूर्ण विघटित, म्हणजे अगदी बारीक तुकडे केलेल्या, प्रथिनांचे दूध सहसा 2 ते 4 आठवडे देऊन पाहतात आणि निदान पक्के करण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली पूर्वीचे दूध पुन्हा देतात. जुलाबानंतर काही दिवस लॅक्टोज न पचणे ही निराळी गोष्ट आहे : लॅक्टोज ही साखर आहे, प्रथिन नव्हे.

विघटित प्रथिनांच्या दुधाला कडवट चव व उग्र वास असतो आणि त्यावर शी हिरवट होते. एवढ्यावरून ते बंद करू नये.