चित्र ठीक दिसते, तरी टर्मिनलवर इशारा: लिबपीएनजीच्या ‘एसआरजीबी प्रोफाइल’ सूचनेचे काय करावे

पायगेम या पायथॉनच्या खेळ-लायब्ररीत लिहिलेला खेळ चालवला, खिडकी उघडली, चित्रेही हवी तशी दिसली. पण टर्मिनलवर मात्र ‘लिबपीएनजी वॉर्निंग: आयसीसीपी: नोन इनकरेक्ट एसआरजीबी प्रोफाइल’ ही एकच ओळ पुन्हा पुन्हा उमटत राहिली. लिबपीएनजी ही पीएनजी चित्रे वाचणारी लायब्ररी, एसआरजीबी हे पडद्यावरच्या रंगांचे प्रमाण, आणि आयसीसीपी हा पीएनजी फाइलमधला रंग-प्रोफाइल, म्हणजे रंग कसे दाखवायचे याची माहिती, ठेवणारा भाग. कोडला आपण हातही लावलेला नसतो, फक्त प्रणाली अद्ययावत केलेली असते, त्यामुळे नवशिक्यांचा जीव टांगणीला लागतो. हा इशारा निरुपद्रवी आहे. तो बंद करण्याची पद्धत मात्र विचारपूर्वक निवडावी लागते, कारण सरसकट तोंड दाबले तर उद्याचा खरा बिघाडही दिसणार नाही.

फेब्रुवारी २०१३ मध्ये लिबपीएनजीची १.६ ही आवृत्ती आली आणि तिने चित्रात दडलेल्या रंग-प्रोफाइलची कसून तपासणी सुरू केली. १९९८ साली तयार झालेली ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांची एसआरजीबी प्रोफाइल असंख्य चित्रांत जाऊन बसली आहे. तिच्यात पांढऱ्या बिंदूची किंमत डी५० ऐवजी डी६५ (पांढऱ्या प्रकाशाची ही दोन वेगळी प्रमाणे) अशी नोंदली गेली आहे. जुन्या आवृत्त्या ही चूक मुकाट्याने सोडून देत, नवी आवृत्ती ती ओळखते, बोलून दाखवते आणि चित्र साधे एसआरजीबी समजून पुढे जाते. पीएनजी फाइल लहान लहान खंडांची बनलेली असते, आणि खंडाच्या रोमन नावातले पहिले अक्षर लहान असेल तर तो खंड ऐच्छिक, असा नियम आहे. आयसीसीपीचा ‘आय’ लहान लिहितात. म्हणजे हा खंड काढला तरी चित्र उघडतेच.

सर्वप्रथम इशाऱ्याचा मजकूर अक्षरशः वाचावा. त्यात चित्राचे ठिपके साठवणाऱ्या आयडॅट खंडाविषयी ‘सीआरसी एरर’, म्हणजे तपासणी-अंक न जुळल्याची त्रुटी, असे आले असेल, तर चित्राची मूळ माहितीच बिघडलेली आहे आणि फाइल पुन्हा मिळवावी लागेल. इशारा पिलो या पायथॉनच्या चित्र-लायब्ररीकडून आला असेल आणि एखादे नाव लवकरच काढले जाणार आहे असे सांगत असेल, तर तोही टाळू नये: चित्राचा आकार बदलताना वापरायचे ‘अँटिअलायस’ हे नाव अशाच पूर्वसूचनेनंतर पिलोच्या जुलै २०२३ मधल्या दहाव्या आवृत्तीतून गेले, आणि ज्यांनी वेळीच त्याच्या जागी ‘लँक्झोस’ लिहिले नव्हते त्यांचे प्रोग्राम थेट बंद पडले.

मजकूर सुरुवातीच्या एसआरजीबी प्रोफाइलच्या ओळीचाच असल्याची खात्री झाली की दोषी फाइल शोधावी. ‘पीएनजीचेक’ हे तपासणीचे साधन सविस्तर पर्यायासह चालवल्यास प्रत्येक फाइलमधले खंड ओळीने दिसतात. ज्यात आयसीसीपी आहे, त्या फाइलच्या प्रोफाइलचे वर्णन ‘एक्झिफटूल’ या फाइलमधली माहिती वाचणाऱ्या साधनाने पाहावे, तिथे एसआरजीबी लिहिलेले असेल तरच पुढे जावे. ॲडोबी आरजीबी किंवा डिस्प्ले पी३ असे दुसरे रंग-प्रमाण असेल तर प्रोफाइल काढल्याने रंग खरोखर बदलतील, म्हणून त्या फाइलला हात लावू नये.

नंतर चित्रांची प्रत काढून ठेवावी आणि इमेजमॅजिक या चित्र-संस्करणाच्या साधनाची ‘मॉग्रिफाय’ ही आज्ञा ‘स्ट्रिप’ पर्यायासह त्या फाइलवर चालवावी. प्रत काढणे टाळू नये, कारण मॉग्रिफाय मूळ फाइलवरच लिहिते. शिवाय स्ट्रिपमुळे टिपा आणि कॅमेऱ्याची माहितीही जाते, जी छायाचित्रकाराला हवी असू शकते. काम झाल्यावर जुने आणि नवे चित्र शेजारी शेजारी उघडून डोळ्यांनी रंग ताडून पाहावेत, मगच प्रत पुसावी. पुढच्या वेळी गिंप या चित्र-संपादकातून पीएनजी निर्यात करताना रंग-प्रोफाइल जतन करण्याच्या चौकटीतली खूण काढली, तर हा व्याप मुळातच टळतो.

पायथॉनच्या ‘वॉर्निंग्ज’ मॉड्यूलची गाळणी लावून पाहिलेले अनेकजण चक्रावतात. ही ओळ पायथॉनची नसून सी भाषेतले लिबपीएनजी ती थेट त्रुटी-प्रवाहावर, म्हणजे टर्मिनलवर त्रुटी दाखवणाऱ्या वाटेवर, लिहीत असते, त्यामुळे ती गाळणी तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. यावर वैतागून सगळा त्रुटी-प्रवाहच दिसेनासा करू नये. लिबपीएनजीची जुनी आवृत्ती परत बसवणे तर त्याहून वाईट, कारण तिच्यासोबत सुरक्षेच्या दुरुस्त्याही जातात.

दोषी चित्र दुसऱ्याच्या पॅकेजमधले असेल, तर ते आपल्या संगणकावर दुरुस्त करून उपयोग नाही. पुढच्या अद्यतनात जुनी फाइल परत येईल. अशा वेळी फाइलचे नाव आणि इशाऱ्याची ओळ पॅकेज सांभाळणाऱ्यांना कळवावी, आणि तोवर ती ओळ टर्मिनलवर दिसू द्यावी.