टँडेमवर युरोप: निघण्याआधी आणि वाटेत

टँडेम म्हणजे दोघांनी पुढे-मागे बसून चालवायची सायकल. ती २० किलो, दोघे मिळून १४०, सामान ३५ ते ४०. बेरीज २०० किलोच्या घरात जाते आणि ती पेलायला चाकं दोनच. टँडेमवर जे बिघडतं त्यातलं बरंचसं या वजनामुळे, उरलेलं सायकलच्या अडीच मीटर लांबीमुळे. तयारी करताना हे दोन आकडे डोक्यात ठेवा.

पहिल्या लांब सफरीसाठी डॅन्यूब नदीचा काठ धरावा. युरोव्हेलो ६ हा सायकलमार्ग फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यापासून काळ्या समुद्रापर्यंत जातो. त्यातला जर्मनीतलं डोनाउएशिंगेन ते बुडापेस्ट हा टप्पा टँडेमला अगदी मानवतो. डोनाउएशिंगेन ते पासाऊ सुमारे ६०० किमी, पासाऊ ते व्हिएन्ना ३२०, पुढे ब्रातिस्लाव्हामार्गे बुडापेस्ट आणखी ३०० च्या आसपास. सुरुवात साधारण ६८० मीटर उंचीवर, शेवट १०० मीटरवर. उतरण असली तरी पहिल्या दोन-तीन दिवसांत छोटे खडे चढ भेटतातच. (इमेंडिंगेनजवळ उन्हाळ्यात नदी जमिनीत मुरून चक्क गायब होते. रस्ता चुकला असं वाटून मागे फिरू नका.) सामानासह रोज ६० ते ८० किमी आणि दर पाच-सहा दिवसांनी एक सुट्टी धरली, तर तीन आठवडे पुरतात. दोन सायकलींवर तुम्ही जेवढं अंतर मारता तेच गणित इथे लावू नका. सपाटीवर टँडेम पळते, कारण वारा एकालाच फोडावा लागतो; चढावर मात्र ती हमखास मागे पडते.

चाकांत काटकसर करू नका. मागचं चाक ४० तारांचं, पुढचं किमान ३६. तार तुटते ती बहुतेकदा मागच्या चाकाची, गिअरच्या बाजूची, हबजवळच्या वाकणात. आणि कॅसेट (मागच्या गिअरच्या चकत्यांचा संच) काढल्याशिवाय तिथे नवी तार घालता येत नाही. म्हणून प्रत्येक मापाच्या दोन-तीन तारा फ्रेमला टेपने चिकटवून ठेवा आणि कॅसेट उघडायचं छोटं हत्यार सोबत घ्या. नवं चाक असेल तर पहिल्या ३०० किमीनंतर त्याचा आऊट (वाकडेपणा) पुन्हा काढून घ्या, तोही घरी असतानाच. टायर शक्यतो ४० मिमी किंवा त्याहून रुंद. दाब टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या जवळ ठेवा. मऊ टायर आरामशीर वाटतो, पण एवढ्या वजनाखाली खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात.

गिअर हलका हवा: पुढे २६ दाती चकती, मागे ३६. टँडेमवर उभं राहून पेडल मारणं दोघांचा मेळ बसल्याशिवाय जमत नाही, त्यामुळे चढ बसूनच काढावा लागतो. गिअर बदलताना दोघांनीही जोर कमी करायचा. चार पायांच्या जोरात चेन दुसऱ्या चकतीवर ओढली की कड्या वाकतात, आणि तुटते ती नेमकी चढावर.

ब्रेकबद्दल मात्र गंभीर व्हा. २०० किलोची सायकल लांब उतारावर हलका ब्रेक सतत दाबून ठेवत आणली, तर रिम ब्रेकमध्ये रिम तापून ट्यूब फुटू शकते आणि डिस्क असेल तर पकड विरत जाते. २०३ मिमी डिस्क दोन्ही चाकांना घ्या. उतारावर ब्रेक पुरेसा जोरात दाबून वेग पाडा, सोडा, डिस्कला वारा लागू द्या, पुन्हा दाबा. करपल्यासारखा वास आला की बाजूला थांबा. डिस्कला बोट लावून तपासू नका, पाण्याचा थेंब टाका: चर्र झालं तर दहा मिनिटं आणखी.

आता टायमिंग चेन. कॅप्टन (पुढे बसणारा) आणि स्टोकर (मागे बसणारा) यांची पेडलं जोडणारी ही डावीकडची चेन. एकसारख्या ३८ दातांच्या चकत्या आणि त्यांच्यात ७० सेंमी अंतर असेल, तर तिला सुमारे १५० कड्या लागतात. दुकानातली साधी चेन ११६ कड्यांची, म्हणजे एक अख्खी आणि वर तुकडा. तो तुकडा आणि दोन-तीन जोडकड्या बरोबर ठेवा. चेन झिजून सैल पडते. ताण तपासताना पेडल हळूहळू फिरवत चेन सगळ्यात घट्ट होते ती जागा शोधा, कारण चकत्या कधीच पूर्ण गोल नसतात. त्या जागी खालच्या बाजूच्या मध्यावर बोटाने वर-खाली एक सेंटिमीटरभर खेळ हवा. जास्त असेल तर पुढच्या बॉटम ब्रॅकेटमधला (पेडलच्या आसाच्या बैठकीतला) एक्सेंट्रिक, म्हणजे आस पुढे-मागे सरकवणारा भाग, ढिला करा, थोडा फिरवा, पुन्हा आवळा आणि सगळा फेरा परत तपासा. फार घट्ट ठेवली तर बेअरिंग खातात. फार सैल ठेवली तर खडबडीत रस्त्यावर उतरते. उतरलेली चेन घाईत बसवली तर एक-दोन दात पुढे-मागे होतात आणि स्टोकरची पेडलं कॅप्टनशी जुळत नाहीत. दोन्ही डावी पेडलं सरळ खाली ठेवा, लांबून डोळ्याने जुळवा, मगच चेन चढवा.

लांबीचा खरा फटका केबलमध्ये बसतो. मागच्या गिअरची केबल ३ मीटरच्या आसपास लागते. बहुतेक दुकानांत मिळणारी २ मीटरची पोचतच नाही. गिअरची एक लांब केबल आणि मागचा ब्रेक केबलवर चालत असेल तर त्याचीही एक, अशा दोन गुंडाळून टाका. वजन नगण्य, आणि नसली तर एखादा दिवस वाया. याउलट ट्यूब, ब्रेक पॅड, साधी चेन यांचा साठा वाहू नका, त्या मोठ्या गावात मिळतात.

सामान दोघांचं, जागा एका सायकलची: चार पॅनिअर (चाकांच्या बाजूला लटकणाऱ्या पिशव्या) मिळून ६० लिटर आणि हँडलची पिशवी. तंबू, स्वयंपाक, हत्यारं समाईक. कपडे प्रत्येकी दोन जोड सायकलचे, एक साधा. तरी मावत नसेल तर काहीतरी काढा. ट्रेलरची वाट धरू नका, लांबी आधीच नकोशी झालेली असते.

पुढे कोण बसणार हे पायांच्या ताकदीवर ठरवू नका. सायकल ज्याच्या हातात स्थिर राहते तो कॅप्टन. निघताना कॅप्टनने पाय फाकवून उभं राहायचं, फिरणारं पेडल नडगीला लागणार नाही इतके, आणि दोन्ही ब्रेक दाबून धरायचे. स्टोकरने बसून दोन्ही पाय पेडलवर ठेवायचे, कॅप्टनचं पेडल त्याला हवं त्या उंचीवर फिरवून द्यायचं. मग ‘चल’ म्हटलं की एकाच वेळी जोर. सिग्नलला फक्त कॅप्टन पाय टेकतो, स्टोकर बसूनच राहतो.

मागच्याला समोरचं काही दिसत नाही. तेव्हा ‘खड्डा’, ‘गिअर’, ‘सोड’, ‘थांब’ हे शब्द आधीच ठरवा आणि खड्ड्याच्या एक सेकंद आधी बोला, नंतर नव्हे. स्टोकरच्या सीटखाली सस्पेन्शनची दांडी बसवाच. टँडेमवर सीटवरून उठणं कमी होतं, म्हणून दर २० मिनिटांनी पेडल थांबवून दोघांनी जरा उभं राहायचं. हे पाळलं नाही तर चौथ्या दिवशी भांडण सीटच्या दुखण्यावरूनच होतं, विषय काहीही असो.

नियम थोडक्यात. जर्मनीत निळ्या गोल पाटीवर सायकल दिसली तर त्या मार्गानेच जायचं. स्लोव्हाकियात गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं. जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये कुठेही तंबू ठोकता येत नाही, कॅम्पिंगची जागा गाठा. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस मिळतात, आणि विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. बुडापेस्टच्या पुढे सर्बियात उतरून पुन्हा रोमेनियात शिरणार असाल तर अनेक प्रवेशांचा व्हिसाच घ्या. त्या बाजूला जेर्दापच्या घळीत बोगदे आहेत, तिथे मागचा दिवा दिवसाही चालू ठेवा.

सायकलमार्गावर वाहनं अडवायला लावलेले नागमोडी अडसर टँडेमला पार होत नाहीत. पॅनिअर उतरवा, मागचं चाक उचलून फिरवा. स्टेशनच्या लिफ्टचंही तेच. जर्मनीत वेगवान आयसीई गाड्यांचा विचार सोडा. प्रादेशिक गाड्यांत जागा असेल तर नेता येते, त्यासाठी सकाळची गर्दी टाळा. विमानाने ये-जा करायची असेल तर कपलर (फ्रेम सुटी करायचे आट्यांचे सांधे) असलेली फ्रेम घ्या: सुटी केलेली सायकल ६६ × ६६ × २५ सेंमीच्या दोन पेट्यांत मावते. जोडायला पहिल्यांदा दोन तास धरा. कपलरच्या आट्यांना ग्रीस लावा, पहिल्या दिवसाच्या शेवटी पुन्हा आवळा, आणि त्याचा खास पाना परतीच्या पॅकिंगपर्यंत हरवू नका.