जिराफाटायटनची प्रतिकृती: आधी खांदा, मग मान

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात लांब मानेचा डायनासोर बहुतेक वेळा हत्तीच्या धडाला पुढून नळी जोडून केलेला दिसतो. जिराफाटायटन हाही लांब मानेचा डायनासोर, पण त्याचे पुढचे पाय मागच्यांहून लांब होते. त्यामुळे पाठ शेपटीकडे उतरती आणि मान खांद्यातूनच वर चढलेली. हा उतार साधला की निम्मं काम झालं.

मापं बर्लिनच्या संग्रहालयातल्या सांगाड्यावरून घ्या: उंची 13.27 मीटर, लांबी साधारण 22 मीटर, दंडाचं हाड 2.13 मीटर. 1:40 प्रमाणात उंची 33 सेंमी, लांबी 55 सेंमी, दंड 5.3 सेंमी. पुढचा पाय साधारण 10 सेंमी धरला तर मागचा पावणेनऊच्या वर नेऊ नका. शेपूट मानेपेक्षा आखूडच ठेवा.

पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीत, 14 गेजची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार मिळते. कण्यासाठी 60 सेंमीचा एकच अखंड तुकडा घ्या, जादा तार शेवटी शेपटीकडून कापा. पायांच्या तारा कण्याला बाइंडिंग तारेने घट्ट आवळा, तळाच्या 12 मिमी प्लायला भोकं पाडून खाली काढा आणि तिथे वाकवा. नुसत्या फेविकॉलवर उभा केलात तर मानेच्या वजनाने तो तोंडावर पडणारच.

गणपतीनंतर घरात उरलेली शाडू मानेला लावू नका. वाळताना ती आकसते, तार आकसत नाही, म्हणून तडे जातात. शिवाय तिच्या वजनाने मान लवते. खऱ्या प्राण्याच्या मानेत 13 मणके होते, मधले जवळजवळ मीटरभर लांब, पण आतून हवेच्या पोकळ्यांनी भरलेले. म्हणूनच एवढी मान पेलली. प्रतिकृतीतही आत थर्माकोल घाला आणि वर कागदाच्या लगद्याचा जेमतेम 3 मिमी थर द्या. पावसाळ्यात पुण्याच्या दमट हवेत जाड थर वरून वाळतो, आत ओला राहतो आणि बुरशी धरतो. खळीत चिमूटभर मोरचूद टाका, मात्र ते विषारी असल्याने हे काम मोठ्यांनीच करावं.

पुढचा पंजा नीट बघून करा. त्याची हाडं खांबासारखी उभी, गोलाकार रचलेली होती आणि छोटी नखी फक्त अंगठ्याला, आतल्या बाजूला. पसरलेली पाच बोटं काढू नका. डोक्यावर नाकाच्या हाडाची उंच कमान हवी. नाकपुड्या मात्र तोंडाजवळ, पुढे दाखवा.

फलकावर शोधाची माहिती नेमकी लिहा. ही हाडं टांझानियातल्या टेंडागुरूची, सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीची. 1909 ते 1913 या काळात जर्मन मोहिमेने ती काढली, तेव्हा हा मुलूख जर्मनीची वसाहत होता. खणणारे बहुतेक स्थानिक आफ्रिकी मजूर होते, त्यांचे मुकादम बोहेटी बिन अमरानी. लिंडी बंदरापर्यंत ओझी माणसांनीच वाहिली. बोहेटींचं नाव अनेक फलकांवर नसतं, तुमच्यावर असू द्या. जर्मन जीवाश्मशास्त्रज्ञ वेर्नर यानेन्श यांनी 1914 मध्ये या प्राण्याला ब्रॅकिओसॉरस या लांब मानेच्या डायनासोरची जात म्हटलं. आता तो वेगळ्या प्रजातीत, जिराफाटायटनमध्ये, धरतात. बर्लिनमध्ये 1937 मध्ये उभारलेला सांगाडा एकाच प्राण्याचा नाही, अनेकांच्या हाडांचा आहे, हेही लिहा.

तुलनेसाठी पायाशी त्याच प्रमाणातला, 4.2 सेंमी उंचीचा पुठ्ठ्याचा माणूस उभा करा.