दोन दूरच्या शहरांमधलं हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढायचा

सपाट नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे सर्वांत जवळची वाट नकाशावर बहुधा ध्रुवाकडे झुकलेली दिसते.

आधी दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश दशांशात घ्या. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. मग दोन्ही अक्षांशांच्या कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाची कोसाइन यांचा गुणाकार त्यात मिळवा. बेरजेची व्यस्त कोसाइन काढली की अंशांत कोन मिळतो. त्याला १११.२ ने गुणलं की किलोमीटर.

उदाहरणार्थ, लंडनचं हीथ्रो (उत्तर ५१.४७, पश्चिम ०.४५) आणि न्यूयॉर्कचं केनेडी (उत्तर ४०.६४, पश्चिम ७३.७८). बेरीज ०.६४५, कोन ४९.८, अंतर सुमारे ५,५४० किमी. उत्तर भलतंच आलं तर कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजायचं दुसरं एकक) आहे का ते बघा. पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश ऋण घ्यायचे, हेही हमखास राहून जातं. नॉटिकल मैल १.८५२ किमीचा असतो, साधा मैल १.६०९ चा.

वेळ काढणं याहून नाजूक काम. प्रत्यक्ष मार्ग थोडा लांबतो, म्हणून इथे ५,७०० किमी धरू. मोठं जेट विमान हवेतून ताशी ९०० किमीच्या आसपास जातं, पण जमिनीवरचा वेग वारा ठरवतो. मध्य अक्षांशांत जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि हिवाळ्यात जोर धरतो. वारा सरासरी ताशी १०० किमी धरला, तर न्यूयॉर्ककडे जाताना वेग ८०० उरतो, परतताना १,००० होतो. चढ-उताराला अर्धा तास आणि जमिनीवर धावण्याला अर्धा तास मिळवा: जाताना सुमारे आठ तास, येताना पावणेसात. म्हणूनच दिशा न सांगता दिलेला एकच आकडा आम्ही ग्राह्य धरत नाही.

बंद हवाई हद्द तर सगळाच हिशेब बदलते. २०२२ मध्ये रशियाचं आकाश बंद झाल्यावर हेलसिंकी–टोकियो उड्डाण साडेनऊ तासांवरून तेरा तासांच्या घरात गेलं, शहरांमधलं अंतर तेच असूनही.

तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात. त्यांची थेट वजाबाकी करू नका, दोन्ही आधी यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आणा. उन्हाळ्यात टोकियोहून संध्याकाळी ५ ला निघून लॉस एंजेलिसला त्याच तारखेला सकाळी ११ ला पोहोचता येतं, कारण मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा आहे. यूटीसीत हेच ८ ते १८, म्हणजे दहा तास.

मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात जास्त जपा. अमेरिका उन्हाळ्यासाठी मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करते, ब्रिटन शेवटच्या रविवारी. मधल्या काळात लंडन–न्यूयॉर्क फरक पाचऐवजी चारच तासांचा असतो. शरदातही आठवडाभर तसंच होतं, म्हणून फरक प्रवासाच्या तारखेचाच घ्या.