सहकाऱ्यांना विचारून शिकाऊ डॉक्टरला जोखताय? या चुका टाळा

फॉर्मच्या पुढच्या बाजूला सगळं छान होतं. बारा सहकाऱ्यांनी टिक केलेलं, सरासरी पाचापैकी ४.६. रेसिडेंट, म्हणजे पीजी करणारा शिकाऊ डॉक्टर, दुसऱ्या वर्षाचा आणि हुशार. राउंडला कुठलाही रिपोर्ट विचारा, तोंडपाठ. मी सही करून फाइल मिटणार, तेवढ्यात एक कागद उलटा झाला. मागे निळ्या पेनानं कोकणीत एकच ओळ होती, ‘रातीं फोन करपाक भंय दिसता.’ रात्री फोन करायला भीती वाटते.

चौकशी केली तेव्हा उलगडलं. मागच्या महिन्यात एका रात्री पावणेतीनला लॅबमधून निरोप आला की एका पेशंटचं पोटॅशियम ६.४ आहे. साडेतीन ते पाच नॉर्मल. सहाच्या वर गेलं की हृदयाची लय कधी बिघडेल सांगता येत नाही. सिस्टरनं या रेसिडेंटला कळवायला फोन उचलला आणि परत ठेवला. आदल्या आठवड्यात अशाच एका फोनवर तिला ‘सकाळपर्यंत थांबता येत नव्हतं का?’ हे ऐकून घ्यावं लागलं होतं. तिनं शेजारच्या युनिटच्या डॉक्टरला बोलावलं. त्यानं ईसीजी काढला, कॅल्शियम दिलं, पुढचे उपचार सुरू केले. पेशंट वाचला. पण बारापैकी अकरा फॉर्मांत या सगळ्याचा मागमूस नव्हता.

रुग्णालयाचं नाव सांगत नाही. गोव्यात रुग्णालय सांगितलं की माणूसही कळतो.

डॉक्टरला किती येतं हे थिअरीत आणि व्हायव्हात कळतं. तो कसा वागतो हे सोबत काम करणाऱ्यांना कळतं, म्हणून त्यांना विचारायचं. फीडबॅकचा हा प्रकार आपल्याकडे ‘थ्री-सिक्स्टी’ नावानं ओळखला जातो. एमबीबीएसच्या २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात ‘एटकॉम’ आलं, म्हणजे वृत्ती, नीती आणि संवाद हेही शिकवायचे विषय झाले. ब्रिटनमध्ये २००५ पासून नव्या डॉक्टरांच्या पायाभूत प्रशिक्षणातच सहकाऱ्यांचा अभिप्राय घेतात. डिसेंबर २०१२ पासून तर परवाना टिकवायचा असेल तर मोठ्या डॉक्टरांनाही पाच वर्षांतून एकदा तो गोळा करावा लागतो. हे तिथली जनरल मेडिकल कौन्सिल पाहते, म्हणजे जीएमसी. आपल्याकडे जीएमसी म्हटलं की बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, त्यामुळे माझ्या इंटर्नांची या वाक्यावर हमखास गल्लत होते.

वागण्याचं एवढं काय, असं म्हणणाऱ्यांना मी २००५ चा एक अमेरिकन अभ्यास सांगते. शिस्तभंगाची कारवाई झालेल्या २३५ डॉक्टरांची कॉलेजातली जुनी रेकॉर्डं तपासली. विद्यार्थीदशेतच गैरवर्तनाची नोंद असलेल्यांवर पुढे कारवाई होण्याची शक्यता साधारण तिप्पट निघाली.

आता चुका. यातल्या बहुतेक मी स्वतः केल्या आहेत.

आपला तो बाब्या

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फॉर्म कोणाला द्यायचे हे पूर्णपणे रेसिडेंटवर सोडणं. तो रूममेटला देतो, बॅचमेटला देतो, ज्याच्या ड्यूट्या त्यानं सांभाळल्या त्या ज्युनियरला देतो. परत येतात ते अभिनंदनाचे कार्ड. ब्रिटनमधल्या फॉर्मांच्या विश्लेषणातही हेच दिसलं. सीनियर डॉक्टर आणि अनुभवी नर्स खटकलेली गोष्ट लिहितात, बरोबरीचे ज्युनियर डॉक्टर सहसा लिहीत नाहीत. यात लबाडी नसते, भीड असते. उद्या त्याच्याच शेजारी बसून कँटीनमध्ये भाजी-पाव खायचा असतो.

मी आता असं करते. पंधरा नावांची यादी रेसिडेंटनं द्यायची. चार-पाच नावं गाइडनं, म्हणजे त्याला शिकवणाऱ्या प्राध्यापकानं, बदलायची, आणि ती कोणती हे सांगायचं नाही. यादीत दोन कन्सल्टंट हवेत, त्यातला एक दुसऱ्या युनिटचा. तीन सिस्टर हव्यात, त्यातली एक तरी नाइट ड्यूटीची. हाताखाली काम केलेला इंटर्न हवा. लॅब किंवा ब्लड बँकेतलं कोणीतरी हवं, कारण ‘अर्जंट’ लिहिलेलं सँपल खरंच अर्जंट होतं का हे तिथेच कळतं. वॉर्डच्या अटेंडंटला विचारायला बरेच विभाग कमीपणा मानतात. विचारून बघा. ट्रॉली ढकलायला डॉक्टर हात लावतो का, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

आणि संख्या. तीन-चार फॉर्मांवर मत बनवू नका. १९९३ मध्ये अमेरिकेत रॅम्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉक्टरांच्या परस्पर मूल्यांकनाचा अभ्यास केला, तेव्हा निकाल भरवशाचा ठरायला सुमारे अकरा जणांची मतं लागली. पंधरा वाटले तर अकरा परत येतात, हा माझा अनुभव.

न पाहिलेल्याचं मत

माझ्या पहिल्या फॉर्ममध्ये ‘निदानकौशल्य’ असा एक रकाना होता आणि तो मी फार्मासिस्टलाही भरायला दिला होता. त्यानं भिडेखातर ४ लिहिले. दुसऱ्या एकानं रकाना कोरा सोडला, तर क्लार्कनं सरासरी काढताना तो शून्य धरला आणि जिच्याबद्दल फॉर्म होता ती रेसिडेंट मुलगी उगाच खाली आली. उपाय सोपा आहे. प्रत्येक प्रश्नापुढे ‘मी हे पाहिलेलं नाही’ असा चौकोन ठेवा आणि तो हिशेबातून वगळा.

मुळात सरासरीचाच मोह सोडा. पाचाची मोजपट्टी दिली की आपली माणसं ४ आणि ५ याखाली उतरत नाहीत, मग ४.४ आणि ४.६ मध्ये फरक शोधत बसायचं. ब्रिटनमधल्या एका फॉर्मात तीनच पर्याय असतात: काळजीचं कारण नाही, थोडी काळजी वाटते, मोठी काळजी वाटते. प्रश्नही मोजके: पेशंटशी नातं, बोलणं, टीमबरोबरचं काम आणि बोलावल्यावर उपलब्ध असणं. काळजी वाटते म्हणणाऱ्यानं का ते लिहायचं. आमच्या रेसिडेंटचं जे होतं ते या चौथ्या प्रश्नात लगेच सापडलं असतं.

टिपणीची जागा मोठी ठेवा आणि कोणत्याही भाषेत लिहा, असं ठळक छापा. इंग्रजीत ‘सहानुभूती दर्शवतो’ असा रकाना दिला की सगळे टिक करून मोकळे होतात. कोकणीत, मराठीत विचारलं की माणूस बोलतो.

पण त्यातच एक खड्डा आहे. विभागात कोकणीत लिहिणाऱ्या सिस्टर दोनच असतील तर ती ओळ तशीच्या तशी वाचून दाखवणं म्हणजे लिहिणारीचं नाव सांगणंच. इथे अर्धी माणसं एका गावची, नाहीतर सोयरीक निघते. म्हणून मी सगळ्या टिपण्या एकाच भाषेत, माझ्या शब्दांत, क्रम बदलून उतरवते आणि मूळ कागद कपाटात कुलूपबंद ठेवते. ‘त्या रात्री बेड नंबर ७ ला’ असा तपशील असेल तर तो गाळते. थोडी धार जाते, इलाज नाही. एकदा नाव फुटलं की पुढची तीन वर्षं सगळे फॉर्म गोड येतात.

भाषेचा राग, बाईचा राग

पीजीच्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. राजस्थानातली मुलगी इथे रुजू होते तेव्हा तिला ‘पोटांत दुखता’ एवढंही कळत नाही. पेशंट मात्र पेडण्याचा असतो, काणकोणचा असतो, सावंतवाडी-दोडामार्गाहून आलेला असतो, कन्नड बोलणारा मजूर असतो. पहिल्या सहा महिन्यांत तिच्याबद्दल ‘पेशंटशी नीट बोलत नाही’ असं आलं तर आधी विचारा, बोलत नाही की बोलता येत नाही? दोन्हींवरचे उपाय वेगळे. येत नसेल तर कामापुरती कोकणी शिकवण्याची जबाबदारी विभागाची आहे. तिच्या वर्तनाच्या रकान्यात ते मोजू नका.

तसंच ‘उर्मट’ हा शब्द कोणासाठी येतो ते बघा. ऑपरेशन थिएटरमध्ये आवाज चढवणारा मुलगा ‘कडक’ आणि तसंच बोलणारी मुलगी ‘उर्मट’, हे मी इतक्यांदा वाचलंय की आता तो शब्द दिसला की नेमकं काय घडलं ते विचारते. घटना सांगता आली नाही तर ती टिपणी पुढे जात नाही.

वेळेबद्दल थोडक्यात. इंटर्नची ईएनटी किंवा नेत्रविभागाची पोस्टिंग दोन आठवड्यांची असते, तेवढ्यात थ्री-सिक्स्टी काढू नका. कोणी कोणाला ओळखतच नसतं. मेडिसिन-सर्जरीच्या सहा आठवड्यांत जमतं, पण शेवटच्या दिवशी नको, सुधारायला दिवस उरले पाहिजेत. आणि चतुर्थीच्या आठवड्यात फॉर्म वाटू नका. अर्धा स्टाफ रजेवर असतो, उरलेला चिडलेला.

कागद हातात देऊन मोकळं होणं

फीडबॅक दिला की माणूस सुधारतो असं आपण गृहीत धरतो. क्लुगर आणि डेनिसी यांनी १९९६ मध्ये शेकडो प्रयोगांचे निकाल एकत्र तपासले, तर एक तृतीयांशाहून अधिक वेळा फीडबॅकनंतर काम उलट बिघडलं होतं. टीका कामावरून घसरून माणसावर आली की असं होतं, असं त्यांचं म्हणणं. निकाल पीडीएफ करून व्हॉट्सअॅपवर पाठवणारे गाइड मला माहीत आहेत. एकानं तर तो युनिटच्या ग्रुपवरच टाकला होता.

आमच्या त्या रेसिडेंटला मी दुपारी ओपीडी संपल्यावर बोलावलं, दार लावलं. तो तीन पर्यायांचा फॉर्म आधी स्वतःबद्दल भरायला लावला. ‘उपलब्ध असणं’ यापुढे त्यानं बिनदिक्कत ‘काळजीचं कारण नाही’ लिहिलं. मग सांगितलं, काही जणांना तुला रात्री फोन करताना दडपण येतं. तो लाल झाला. पहिला प्रश्न ठरलेला, ‘मॅडम, कोणी लिहिलं?’

इथे घाई करू नका. त्याला रागावू द्या, बचाव करू द्या. मी म्हटलं, ‘कोणी लिहिलं ते सोड. असं वाटण्यासारखं काही घडलं असेल का, तेवढं आठव.’ बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘छत्तीस तासांची ड्यूटी झाली होती, मॅडम.’ तेही खरंच होतं, आणि ते माझ्या खात्यात जमा होतं. रोस्टर मीच करते. मी ड्यूट्यांमध्ये एक रात्र मोकळी काढली. त्यानं एक गोष्ट कबूल केली: यापुढे रात्री फोन आला की पहिलं वाक्य ‘बोला सिस्टर’ असेल. चार महिन्यांनी पुन्हा फॉर्म वाटले. दोन सिस्टरांनी लिहिलं, फोन घेतात. एकीनं अजून ‘थोडी काळजी’ला टिक केलं होतं.

एक गोष्ट मात्र या फॉर्मवर कधीच ढकलू नका. ड्यूटीवर दारू, पेशंटला मारहाण, लैंगिक छळ, खोट्या नोंदी असं काही कळलं तर सहामाही अभिप्रायाची वाट बघायची नाही. त्याच दिवशी एचओडींकडे, म्हणजे विभागप्रमुखांकडे जायचं, आणि छळाचा प्रकार असेल तर तक्रारदाराला अंतर्गत तक्रार समितीचा रस्ता दाखवायचा. उलट, फॉर्मवरच्या एका वाईट शेऱ्यामुळे कोणाचा टर्म अडवायचाही नाही. शिक्षा होते हे कळलं की सिस्टर लिहायच्या थांबतात. पोराचं नुकसान नको, म्हणतात.

आणि फॉर्म परतच येत नसतील तर पेटी कुठे ठेवलीय ते बघा. पहिल्या वर्षी मी ती एचओडींच्या केबिनबाहेर ठेवली होती. महिन्याभरात तिच्यात दोन फॉर्म पडले आणि एक लग्नाची पत्रिका. आता ती सिस्टरांच्या ड्यूटी रूममध्ये, चहाच्या थर्मासशेजारी असते. ड्यूटी बदलताना पाच मिनिटं मी तिथे जाऊन सांगते की हा कागद कशासाठी आहे, आणि त्या लिहायला बसण्याआधी निघून येते.